वॉशिंग मशीन सुरूच होत नाही? आधी हे तपासा

नागरा (जि. गोंदिया) : प्राचीन शिवमंदिरासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावापासून गोंदिया शहरापर्यंत, समोरून दार उघडणारी वॉशिंग मशीन आता अनेक घरांत दिसतात. बटण दाबूनही मशीन सुरू झाले नाही, की ते बिघडले असा समज होतो. प्रत्यक्षात दोष अनेकदा मशीनबाहेरच असतो.

दिवाच लागत नसेल, तर त्याच सॉकेटला दुसरे उपकरण लावून पाहावे. एमसीबी पडला असल्यास एकदाच वर करावा. तो लगेच पुन्हा पडला, तर प्रयोग थांबवावेत. हीटरमध्ये वा वायरिंगमध्ये वीजगळती असू शकते आणि अर्थिंग सदोष असल्यास ओल्या हाताला बसणारा धक्का जिवावर बेतू शकतो.

दिवा लागतो, पण मशीन हलत नाही, तेव्हा दार पाहावे. दाराचे लॉक पूर्ण लागल्याचा संकेत मिळाल्याखेरीज मोटार फिरत नाही. अन्यथा पाणी घरभर झाले असते. दारात अडकलेला रुमालही हा संकेत रोखतो. ‘चाइल्ड लॉक’ किंवा उशिरा सुरू होण्याची वेळ चुकून लागली आहे काय, तेही पाहावे.

पाणीच येत नसल्यास नळ आणि नळीच्या तोंडाची जाळी तपासावी. गच्चीवरील टाकीच्या उंचीमागे दर मीटरला सुमारे ०.१ बार इतकाच दाब मिळतो. टाकी कमी उंचीवर असल्यास पाणी मंद येते.

एवढ्यानेही मशीन सुरू न झाल्यास प्लग काढून तंत्रज्ञास बोलवावे. मागील झाकण स्वतः उघडू नये.