फ्लूचा ताप उतरला, तरी छाती जपा

ताईंनो, पावसाळा लागला की आपल्या मुळशीत भातलावणी आणि सर्दी-ताप एकदमच येतात. बाई ताप अंगावर काढते आणि उतरला की लगेच चिखलात उभी राहते. म्हणून फ्लूमध्ये छातीत काय होतं, ते समजून घेऊ.

फुफ्फुसात हवेच्या अगदी बारीक पिशव्या असतात. तिथे राखण करणाऱ्या पेशी असतात. डॉक्टर त्यांना मॅक्रोफेज म्हणतात. धूळ, चुलीची काजळी, जंतू गिळून टाकणं हे त्यांचं रोजचं काम.

प्रत्येक पेशीत जनुकं असतात. ती कामाच्या सूचनांची जाड वही समजा. सगळी पानं एकदम उघडी नसतात. जसं काम, तसं पान. फ्लूचा विषाणू शिरला की काही तासांतच शेकडो जनुकांचं काम बदलतं. इंटरफेरॉन नावाचा निरोप सुटतो, शेजारच्या पेशी सावध होतात, विषाणूची वाढ अडते. ताप, अंगदुखी हीसुद्धा या लढाईचीच खूण.

पण यात रोजचं काम मागे पडतं. उंदरांवरच्या अभ्यासांत दिसलंय, की फ्लूनंतर काही दिवस या पेशी जंतू नीट गिळत नाहीत, काही मरूनही जातात. तेवढ्यात न्यूमोनियाच्या जंतूंचं फावतं. १९१८ च्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत. त्या साथीतले जगभरातले बहुतेक मृत्यू अशा मागून आलेल्या न्यूमोनियाने झाले, असं संशोधक सांगतात.

ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यातच झाला. त्या साथीत गरोदर बायांना धोका जास्त होता.

मग करायचं काय?

• गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस, दमा किंवा शुगर असलेल्यांनी ताप आल्यावर पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टरांना दाखवावं. फ्लूचं औषध तेव्हाच जास्त लागू पडतं.
• ताप उतरून पुन्हा चढला, धाप लागली, छातीत दुखलं, तर थांबू नका. लगेच दवाखाना गाठा.
• अँटिबायोटिक फ्लूच्या विषाणूवर चालत नाही. मनाने गोळ्या घेऊ नका.
• फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. गरोदरपणातही घेता येते, डॉक्टरांना विचारा.
• आजारी बाईला चुलीच्या धुरात बसवू नका.

गटातली एखादी ताई तापातून उठली असेल, तर चार दिवस तिची लावणी बाकीच्यांनी उरकून द्या. तिच्या फुफ्फुसातले राखणदार पुन्हा कामावर यायला तेवढी उसंत हवी.