उवांची जन्मकुंडली आणि नाशिक कनेक्शन!

शीर्षक वाचून हात आपोआप डोक्याकडे गेला ना? बिनधास्त खाजवून घ्या आणि पुढे वाचा. आजची हिरॉइन आहे ऊ! उंची तिळाएवढी, बायोडेटा मात्र लाखो वर्षांचा.

माहीत आहे का? रोगजंतूंच्या इतिहासातला एक जबरदस्त धागा आपल्या नाशिकमध्ये सापडला आणि तो उलगडला उवांनी. साल होतं 1907.

तेव्हा नाशिकमधल्या एका मिशनच्या वसाहतीत मुलं पटापट तापाने फणफणू लागली. तापही मोठा चकवा देणारा. पाच-सहा दिवस सणकून चढायचा, मग दरदरून घाम फुटून उतरायचा. सगळ्यांना वाटायचं, सुटलो बुवा! आठवडाभराने स्वारी परत हजर. म्हणूनच त्याचं इंग्रजी नाव रिलॅप्सिंग फिव्हर, म्हणजे उलटून येणारा ताप.

तपासाला आले इंडियन मेडिकल सर्व्हिसचे कॅप्टन एफ. पी. मॅकी. त्यांना पहिल्याच झटक्यात एक विचित्र गोष्ट दिसली. वसाहत एकच, साथही एकच, पण मुलगे भराभर आजारी पडत होते आणि मुली मात्र बऱ्याच वाचल्या होत्या. असं का?

मॅकींनी दोन्हीकडे बारकाईने पाहिलं. मुलग्यांच्या अंगावर उवांची जत्रा भरली होती, मुलींकडे त्या तुलनेने थोड्या होत्या. मग त्यांनी उवा गोळा केल्या आणि एकेकीचं पोट फाडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. आत स्क्रूसारखे वळलेले, वळवळणारे जंतू! तापकऱ्यांच्या रक्तात दिसतात तेच. मुलग्यांच्या उवांमध्ये ते जास्त, मुलींच्या उवांमध्ये कमी. डिसेंबर 1907 मध्ये ही हकिकत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये झळकली. मिशनच्या वसाहतीत मॅकींचं मिशन फत्ते!

हे केवढं भारी आहे ते कळायला पुढची तारीख बघा. टायफस ताप उवांमुळे पसरतो हे शार्ल निकोल यांनी ट्युनिसमध्ये दाखवलं 1909 साली आणि त्यासाठी त्यांना 1928 चं नोबेल मिळालं. नाशिकच्या उवांनी साक्ष दिली ती त्याच्या दोन वर्षं आधी. गोदाकाठच्या मंडळींनी ही गोष्ट कॉलर ताठ करून सांगायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मॅकींचं पुढे काय झालं? मुंबईत परळच्या बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीचे ते संचालक झाले. 1925 मध्ये या संस्थेचं नाव बदललं आणि आज ती आपण हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखतो.

थांबा, महाराष्ट्राचा स्कोअर अजून वाढतोय! मेडिकलच्या पोरांना पाठ असलेलं ‘ग्रेज ॲनाटॉमी’ माहीत आहे का? 1858 च्या त्या ग्रंथातली चित्रं काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर नंतर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आले, साताऱ्यात सिव्हिल सर्जनही होते. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात मुंबईत हाच उलटून येणारा ताप पसरला, तेव्हा रुग्णांच्या रक्तातले मळसूत्री जंतू त्यांनी टिपले आणि माकडांवर प्रयोगही केले. जंतू सापडला होता, पण तो माणसामाणसांत फिरतो कसा, हे कोडं बाकी होतं. ते सुटायला नाशिकच्या उवांची वाट पाहावी लागली.

आता जरा अंगावर काटा. हा जंतू पसरतो तो मुख्यतः ऊ चिरडल्यावर. खाजवताना किंवा दोन नखांमध्ये ‘टच्च’ करताना ऊ फुटते, तिच्या अंगातला द्रव बाहेर येतो आणि त्यातले जंतू खाजवलेल्या त्वचेतून आत शिरतात. ऊ मेली तरी तिचा पाहुणा मुक्कामाला!

या जंतूचं नाव बोरेलिया रिकरंटिस. गोचिडीतून पसरणारा त्याचा एक भाऊबंद आहे. 2008 मध्ये दोघांचे जीनोम शेजारी ठेवले, तेव्हा उवांतल्या भावाने बरीच जीन्स गमावलेली दिसली. एकदा उवांच्या घरी आयतं राहायला मिळाल्यावर सामान कमी करून टाकलंन पठ्ठ्याने.

आणि ही बातमी तर अगदी ताजी! 1812 मध्ये रशियातून माघार घेणारे नेपोलियनचे सैनिक लिथुआनियातल्या व्हिल्निअसला पुरले गेले होते. 2025 मध्ये त्यांच्या दातांतून काढलेल्या डीएनएमध्ये हाच बोरेलिया सापडला. नाशिकच्या मुलांना तापवणारा जंतू बादशहाच्या फौजेलाही भिडला होता.

पण आयांनो, घाबरू नका. मॅकींच्या गोष्टीतली ऊ अंगावरची, कपड्यांच्या शिवणीत राहणारी. शाळेतून पोरीच्या वेणीत बसून घरी येते ती डोक्यातली. जात एकच, पत्ते वेगवेगळे. डोक्यातली ऊ खाज आणते, झोपेचं खोबरं करते, पण साथी पसरवण्यात तिचं नाव सहसा येत नाही.

सहसा म्हटलं, कारण संशोधक आता तिच्याही पोटात डोकावताहेत. नेपाळमधल्या मुलांच्या डोक्यातल्या उवांमध्ये बार्टोनेला क्विंटाना या जंतूचा डीएनए मिळाला. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना बेजार करणाऱ्या ‘ट्रेंच फिव्हर’चा हा कर्ता. पॅरिसच्या शाळकरी मुलांच्या उवांमध्ये सापडला ॲसिनेटोबॅक्टर बॉमॅनी. आयसीयूमधल्या डॉक्टरांची झोप उडवणारं नाव! अर्थात, जंतूचा डीएनए मिळाला म्हणजे ऊ तो रोग पसरवतेच, असं सिद्ध होत नाही.

आता कुंडली मांडूया. पेशीतल्या ऊर्जाघराच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवरून उवांची घराणी पाडली आहेत आणि त्यांना ए, बी, सी अशी इंग्रजी अक्षरं दिली आहेत. ए घराणं ग्लोबट्रॉटर, जगभर पसरलेलं. बी अमेरिका आणि युरोपात जोरात. सी इथिओपिया, नेपाळ आणि आग्नेय आशियात. डी आणि ई आफ्रिकेत. कपड्यांत राहायची कला जमली ती फक्त ए आणि डी या दोन घराण्यांना, बाकी सगळ्या कट्टर ‘डोकेबाज’!

सगळ्यात खमंग नगेट बी घराण्याचं. ए आणि बी वेगळी झाली ती आधुनिक माणूस जन्मायच्याही कितीतरी आधी. मग दोन्ही आज आपल्याच डोक्यात कशी? काही शास्त्रज्ञांचा अंदाज असा की आपले पूर्वज दुसऱ्या, आता नामशेष झालेल्या मानवांना भेटले आणि त्या भेटीत उवांची अदलाबदल झाली. ती माणसं गेली, त्यांच्या उवा आपल्याकडे राहिल्या.

माणसाने कपडे कधी घातले, माहीत आहे का? कापड कुजतं, कातडं कुजतं, पुरावा उरत नाही. पण कपड्यांतली ऊ कपड्यांशिवाय कशी जन्मेल? म्हणून डोक्यातली आणि कपड्यांतली ऊ कधी वेगळी झाली, ते डीएनएवरून मोजलं. 2011 च्या अभ्यासाचं उत्तर आलं: फॅशनचा श्रीगणेशा साधारण 1,70,000 वर्षांपूर्वीचा असू शकतो. पैठणीच्या येवल्याच्या जिल्ह्यात हे सांगताना तर आणखी मजा येते!

क्विक फायर! आपल्या पेशीतला मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए म्हणजे एकच गोल, त्यात 37 जीन्स. ऊबाईंनी तोच डीएनए 20 छोट्या गोलांमध्ये वाटून टाकलाय. 2010 मध्ये अंगावरच्या उवेचा जीनोम वाचला, तेव्हा तो माहीत असलेल्या कीटकांत सर्वांत छोटा ठरला. वास ओळखणारी जीन्स जेमतेम. जेवणाचं ताट पायाखालीच असताना वास कशाला घ्यायचा?

मात्र त्या ताटात एक उणीव आहे. रक्तात बी व्हिटॅमिन्स पुरेशी नसतात. म्हणून प्रत्येक ऊ पोटात स्वतःचा फार्मासिस्ट बाळगते. रायझिया नावाचा हा जीवाणू तिला बी-5 तयार करून देतो आणि आई आपल्या अंड्यांमधून तो लेकरांना वारशात देते. तो मेला तर ऊही जगत नाही.

उवा उडी मारतात का? नाही. उडतात का? अजिबात नाही. त्या चालतात. खेळताना, सेल्फी काढताना, वसतिगृहात एका उशीवर झोपताना डोक्याला डोकं टेकलं की स्थलांतर सुरू. केस घाणेरडे असतात म्हणून उवा होतात, हा तर मुलींवर सरसकट अन्याय! स्वच्छ धुतलेल्या केसांतही त्या तितक्याच आनंदाने नांदतात. पेठ-सुरगाण्यातल्या आश्रमशाळेतली मुलगी असो की कॉलेज रोडवरची, उवा झाल्या म्हणून कुणी तिला वेगळ्या बाकावर बसवू नये.

सीताफळाच्या बियांची पूड डोक्याला लावणार असाल, तर थांबा! ती उवांना मारते, पण डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, भयंकर आग आणि दुखणं. हे सोसलेले पेशंट डॉक्टरांनी पाहिलेत. परमेथ्रिनसारख्या औषधांनाही जगात ठिकठिकाणी उवा दाद देईनाशा झाल्यात, कारण त्यांच्या जीन्समध्ये तसे बदल झालेत. फणीला मात्र अजून कोणत्याही जीनने हरवलेलं नाही. केस ओले करा, भरपूर कंडिशनर चोपडा, मांडीवर पांढरा पंचा पसरा आणि बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत ओढा. कानामागे आणि मानेच्या वर जास्त वेळ द्या, लिखा तिथेच दाटीने बसतात. लिखा फुटायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून दर तीन-चार दिवसांनी फणी फिरवत राहा, दोन आठवडे तरी.

लीख शाम्पूने का निघत नाही, माहीत आहे का? ऊ ती केसाला सिमेंटने चिकटवते! हे सिमेंट इतकं पक्कं की अर्जेंटिनातल्या दीड-दोन हजार वर्षं जुन्या ममींच्या केसांवर ते तसंच होतं. 2021 च्या अखेरीस संशोधकांनी जाहीर केलं की त्या सिमेंटमध्ये अडकलेल्या त्वचेच्या पेशींतून त्यांनी चक्क त्या माणसांचा डीएनए काढला आणि त्यांचे पूर्वज कुठून आले होते, तेही शोधलं.