फितीवरचे मुक्काम

आषाढी वारीसाठी संत मुक्ताबाईंची पालखी खानदेशातल्या मुक्ताईनगरहून निघते आणि बुलढाणा, जालना, बीड असे जिल्हे पायी ओलांडत सुमारे महिनाभराने पंढरपूर गाठते. बीडला पोहोचायचे तर आधी बुलढाणा आणि जालना चालून जावेच लागते. संगणकाचा डेटा चुंबकीय फितीवर असाच बसतो, एकामागून एक. दहावी फाइल हवी असेल तर आधीच्या नऊ फायलींची फीत ड्राइव्हमधून सरकू द्यावी लागते.

फीत म्हणजे आजोबांच्या काळातली वस्तू, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात २०२१ साली आलेल्या एलटीओ-९ जातीच्या तळहाताएवढ्या डबीत १,०३५ मीटर फीत असते आणि तिच्यावर १८ टेराबाइट डेटा मावतो. फेब्रुवारी २०११मध्ये एका सॉफ्टवेअर दोषामुळे हजारो लोकांच्या जीमेलमधली पत्रे दिसेनाशी झाली. वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या डिस्कवरच्या प्रतीही त्या दोषाच्या तावडीत सापडल्या. गूगलने ती पत्रे परत आणली ती टेपवरून, कारण कपाटात ठेवलेल्या फितीपर्यंत तो दोष पोहोचूच शकत नव्हता.

या फितीला हुकूम द्यायची भाषा कॅसेट ऐकलेल्या माणसाला नवी वाटणार नाही. युनिक्स आणि लिनक्स प्रणालींत त्यासाठी ‘एमटी’ नावाची छोटी आज्ञा आहे. काळ्या पडद्यावर ती टाइप करून पुढे ‘रिवाइंड’ लिहिले की फीत मुळाशी येते. ‘एफएसएफ ३’ लिहिले की तीन फायली ओलांडून फीत थांबते. दोन फायलींमध्ये ड्राइव्हने एक खूण उमटवलेली असते, तोच फितीवरचा मुक्काम. आज्ञा या खुणाच मोजत जाते. ‘स्टेटस’ विचारले की आपण कुठे आहोत ते कळते, फक्त मोजणी शून्यापासून होते हे लक्षात ठेवावे लागते. ‘ऑफलाइन’ म्हटले की फीत गुंडाळून डबी बाहेर येते. फायली एकत्र बांधणाऱ्या ‘टार’ या आज्ञेचे नावही ‘टेप आर्काइव्ह’ या दोन शब्दांवरूनच पडले आहे.

नवख्याचा घात करते ते एक अक्षर. लिनक्समध्ये एकाच ड्राइव्हला दोन नावे असतात, ‘एसटी शून्य’ आणि ‘एनएसटी शून्य’. पहिल्या नावाने लिहिले तर काम संपताच फीत आपोआप मुळाशी जाते. दुसऱ्या नावाने लिहिले तर ती आहे तिथेच थांबते. सोमवारची प्रत पहिल्या नावाने घेतली आणि मंगळवारीही तेच केले, तर मंगळवारची प्रत थेट सोमवारच्या डोक्यावर लिहिली जाते. कोणतीही सूचना येत नाही. कॅसेटची मागची प्लॅस्टिकची बारीक पट्टी मोडून भजन जपण्याची जुनी रीत इथेही आहे: एलटीओच्या डबीला छोटी सरकपट्टी असते, ती सरकवली की त्या फितीवर पुन्हा लिहिता येत नाही. प्रत पूर्ण झाली की ती पट्टी सरकवावीच.

महाराष्ट्रात या विद्येचा कस लागला तो जुन्नर तालुक्यातल्या खोडदला. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ३० अँटेना आकाशातून रेडिओलहरी टिपतात, आणि एका रात्रीच्या निरीक्षणाचा डेटाही मोठा असतो. एकेकाळी तो फितींवर साठवला जाई. खगोलशास्त्रज्ञ वापरत असलेल्या ‘एप्स’ या प्रणालीत टेप चढवणे, उतरवणे, मुळाशी नेणे आणि फायली ओलांडणे यांसाठी स्वतंत्र आज्ञाच होत्या. दूरच्या दीर्घिकेचे चित्र पाहण्याआधी फीत नेमक्या जागी आणून ठेवणे हे संशोधकाचे पहिले काम असे.

सामान्य घरात टेप ड्राइव्ह नसतो, पेन ड्राइव्ह मात्र असतोच. कॉपी संपल्याचे पडद्यावर दिसले तरी शेवटचा काही भाग संगणकाच्या स्मृतीतच अडकलेला असू शकतो. लिनक्समधली ‘सिंक’ ही आज्ञा तो भाग पेन ड्राइव्हवर उतरवते. ‘यूमाउंट’ उरलेले लेखन पूर्ण करून संगणक आणि पेन ड्राइव्ह यांची रीतसर फारकत करते. सीडीसाठी ‘इजेक्ट’ आहे. ‘यूमाउंट’ने ‘साधन वापरात आहे’ असे उत्तर दिले, तर कुठल्या तरी खिडकीत त्यावरची फाइल अजून उघडी आहे असे समजावे आणि ती आधी बंद करावी. पेन ड्राइव्ह तसाच ओढून काढण्याच्या घाईत कुणाच्या लग्नाचे फोटो, कुणाच्या सप्ताहाचे ध्वनिमुद्रण अर्धवट राहून जाते, आणि ते पुन्हा मिळत नाही.

खानदेशात आणखी एक गोष्ट सांभाळायला हवी. दीर्घकाळ ठेवायच्या एलटीओ फितीला १६ ते २५ अंश तापमान मानवते. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. जुन्या कॅसेटचीही उन्हाशी तशीच दुश्मनी. मुक्ताईनगर, कोथळी, चांगदेवच्या घरांत माळ्यावर, पत्र्याखाली कीर्तनाच्या कॅसेट पडून असतील, तर पुढचा उन्हाळा लागण्याआधी त्या खाली उतरवा, संगणकावर उतरवून घ्या आणि एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवा.