जुन्या गाडीत नवे इंजिन

प्रीमिअर पद्मिनीचे मूळ इंजिन 1089 सीसीचे आणि सुमारे 40 अश्वशक्तीचे होते. गिअर चार आणि त्यांचा दांडा स्टीअरिंगच्या नळीवर. कुर्ल्याच्या कारखान्यात 1964पासून फियाट 1100 डिलाइट म्हणून आणि पुढे पद्मिनी म्हणून ही गाडी बनत राहिली. एवढ्या वर्षांत इंजिनाची मूळ रचना फारशी बदलली नाही. गावात फिरायला ते आजही पुरते. द्रुतगती महामार्गावर मात्र ते सतत ओरडत धावते, घाटात तापते, आणि काही सुटे भाग शोधायला भंगारबाजार पालथा घालावा लागतो. अशा वेळी गाडीचा देह तोच ठेवून इंजिन आणि गिअरबॉक्स नंतरच्या काळातले बसवावे, असा विचार मालकाच्या मनात येतो.

आपल्याकडच्या कारखान्यांनीही हा मार्ग वापरला आहे. 1985 साली आलेल्या प्रीमिअर 118 एनई या गाडीत फियाट 124चा सांगाडा होता आणि इंजिन निसानचे, 1171 सीसीचे. अँबॅसिडर मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली. तिच्यात कित्येक वर्षे 1489 सीसीचे ब्रिटिश इंजिन होते. 1990च्या दशकात त्याच गाडीत इसुझूचे 1.8 लिटरचे पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरांचा, खाली दांडा असलेला गिअरबॉक्स आला. त्यामुळे जुन्या अँबॅसिडरला इसुझू बसवणे तुलनेने सोपे जाते, कारण फाउंडेशन, म्हणजे इंजिनाचे आधार, कुठे यावेत आणि शाफ्ट किती लांब असावा हे कोडे कारखान्याने आधीच सोडवलेले आहे.

असा आयता जोड नसेल तर इंजिनाची निवड जपून करावी लागते. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवे असते, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच घरात असतात आणि ताकद पुढच्या चाकांना जाते. पद्मिनी आणि अँबॅसिडरमध्ये इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसते आणि मागची चाके फिरवते. म्हणून दारातल्या हॅचबॅकचे इंजिन कितीही चांगले असले तरी त्याचा गिअरबॉक्स इथे निरुपयोगी ठरतो. त्यामानाने मारुतीच्या जिप्सीचे 1298 सीसीचे किंवा ईकोचे 1196 सीसीचे इंजिन जवळचे, कारण दोन्ही लांबीच्या दिशेने बसतात आणि दोघांनाही मागच्या चाकांसाठी बनवलेला गिअरबॉक्स मिळतो. ईकोचे इंजिन मूळ गाडीत सीटखाली असते, त्यामुळे गिअरच्या दांड्याची जोडणी नव्याने आखावी लागते.

इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच गाडीतून, जोडलेलेच घेतलेले उत्तम. वेगवेगळे घेतले तर मध्ये जाड पत्र्याची प्लेट लेथवर बनवून घ्यावी लागते, आणि खरी परीक्षा तिथेच असते. क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्सचा आत जाणारा शाफ्ट एकाच रेषेत हवेत. फ्लायव्हीलवर डायल गेज लावून, क्रँक हाताने फिरवत बेल हाउसिंगच्या भोकाची कड तपासतात. काटा एका फेरीत साधारण 0.1 मिलिमीटरच्या पलीकडे हलला तर प्लेट पुन्हा बसवायची. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण त्यापायी क्लच नीट सुटत नाही, बेअरिंग खाल्ले जाते आणि चालत्या गाडीत गिअर निसटतो.

मग रिकामा ब्लॉक चेन पुलीने बॉनेटखाली उतरवून जागा पाहायची. ऑइल चेंबर पुढच्या आडव्या दांडीवर टेकतो का, एक्झॉस्ट स्टीअरिंग बॉक्सच्या किती जवळून जातो, पंखा आणि रेडिएटर यांच्यात किती फट राहते, हे सगळे फाउंडेशन पक्के करण्यापूर्वी कळायला हवे. इंजिन रबरावर बसलेले असते आणि जोर देताच डोलते, म्हणून बोटभर मोकळी जागा हवीच.

प्रॉपेलर शाफ्ट कापून लहान केला की तो बॅलन्स करून घ्यावा लागतो. गिअरबॉक्सचे मागचे टोक आणि डिफरन्शियलचे पुढचे टोक समांतर हवे. शाफ्ट कलता असला की एका टोकाच्या क्रॉसमुळे, म्हणजे सांध्यामुळे, त्याचा वेग प्रत्येक फेरीत कमीजास्त होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असला तर तो फरक भरून निघतो. कोन चुकला तर ठरावीक वेगाला गाडी थरथरते आणि मिस्त्री उगाच टायर बदलत बसतो.

पाचव्या गिअरचा फायदा आकड्यांत पाहावा. डिफरन्शियलचे प्रमाण 4.3 आणि टायरचा घेर 1.86 मीटर धरला, तर ताशी 80 किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे 717 फेऱ्या घेते. चौथा गिअर थेट असल्याने इंजिनाच्या फेऱ्या जवळपास 3,080 होतात. पाचव्याचे प्रमाण 0.85 असेल तर त्या 2,620वर येतात. जुन्या गाडीतला प्रवास सुखाचा होतो तो मुख्यतः या फरकाने. वाढलेल्या अश्वशक्तीचा त्यात वाटा कमी असतो. म्हणूनच फार मोठे इंजिन निवडणे शहाणपणाचे नाही.

मोठ्या इंजिनाचा भार शेवटी ब्रेकवर येतो. ताशी 80ऐवजी 110ने धावणाऱ्या गाडीत थांबवण्याची ऊर्जा जवळजवळ दुप्पट असते, आणि पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम आहेत. घाट उतरताना ते तापले की पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. पुढे डिस्क ब्रेक बसवण्याचे काम इंजिनाच्या आधी व्हावे. पैसे कमी पडत असतील तर इंजिन थांबू शकते, ब्रेक नाही.

कार्ब्युरेटरला लागणारा पेट्रोलचा दाब अगदी थोडा असतो. इंजेक्शनला साधारण 3 बार लागतो. त्यामुळे पंप, टाकीकडे परतणारी नळी आणि तो दाब सोसणारे पाइप नवे घालावे लागतात. जुना पाइप फुटला तर पेट्रोल थेट तापलेल्या एक्झॉस्टवर उडते. ईसीयू (इंजिनाचा संगणक), वायरिंगचा पूर्ण जुडगा, सेन्सर आणि चावी एकाच गाडीतले हवेत, नाहीतर इंजिन सुरूच होत नाही. डायनामो काढून अल्टरनेटर लावावा लागतो. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. ते उलटवल्याशिवाय ईसीयू लावला तर तो जळतो.

कागदपत्रांचा भाग मात्र सर्वांत अवघड आहे. मोटार वाहन कायदा, 1988च्या कलम 52नुसार आरसी बुकातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019मध्ये हेच ठामपणे सांगितले. म्हणून खरेदीआधी आरटीओकडे लेखी विचारणा करावी, इंजिन ज्या गाडीतून घेतले तिची कागदपत्रे आणि इंजिनाची पावती जपावी. परवानगीशिवाय आणि विमा कंपनीला न कळवता बदल केला तर अपघातानंतरचा दावा अडकू शकतो.

50 वर्षांहून जुन्या गाडीसाठी आणखी एक विचार आहे. 2021च्या केंद्रीय नियमांनुसार अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा खास व्हिंटेज क्रमांक मिळतो. पण त्यासाठी चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. नवे इंजिन बसवणारा हा हक्क गमावतो. म्हणून मूळ लोखंडाला कापणे-जाळणे टाळून, बोल्टने बसणारे आणि बोल्टने निघणारे फाउंडेशन करणाऱ्या मिस्त्रीलाच हे काम द्यावे. उतरवलेले इंजिन विकू नये. सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडून, प्लगची भोके आणि तोंडे बंद करून, क्रमांकाच्या पट्टीला ग्रीस लावून ते कोरड्या जागी लाकडी चौकटीवर ठेवावे आणि क्रँक अधूनमधून हाताने फिरवावी.