स्थलांतराची साखळी : लालबाग आणि दादर

स्थलांतराचा विचार करताना अर्थशास्त्र प्रथम वेतनांतील तफावतीकडे पाहते, व ते योग्यच आहे. तथापि मुंबई आणि न्यूयॉर्क येथील वेतनांत जी तफावत होती ती गिरगावातील एखाद्या चाळीच्या सर्व बिऱ्हाडांस सारखीच लागू होती. तरी एका बिऱ्हाडातील पदवीधर मुलगा परदेशी गेला आणि शेजारच्या बिऱ्हाडातील तितकाच शिकलेला मुलगा येथेच राहिला. हा भेद उलगडावयाचा तर त्याच्या आधी कोण गेले होते, हे विचारावे लागते.

परळ-लालबागच्या गिरणगावाला ह्या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीपासून ठाऊक होते. रत्नागिरी किंवा सातारा जिल्ह्यातून येणारा तरुण मुंबई शहरात येत नसे; तो आपल्या गावच्या खोलीत येत असे. एका गावच्या मंडळींनी चाळीत भाड्याने घेतलेल्या खोलीत पाळीप्रमाणे झोपावयाचे, खाणावळीत जेवावयाचे, ओळखीच्या माणसाने जॉबरकडे शब्द टाकला की बदली कामगार म्हणून गिरणीत शिरावयाचे आणि महिनाअखेर गावी मनीऑर्डर धाडावयाची, असा हा क्रम होता. जॉन व लीट्रिस मॅकडोनाल्ड ह्यांनी १९६४ साली अमेरिकेतील इटालियन वस्त्यांसंबंधी लिहिताना अशा प्रकाराला ‘साखळी-स्थलांतर’ म्हटले. गिरणगावाने ती साखळी त्याआधी कित्येक दशके चालविली होती.

आधी गेलेला मित्र दोन निरनिराळी कामे करतो, आणि ती एकत्र मोजल्याने पुष्कळ घोटाळा होतो. एक, तो जाण्याचा खर्च कमी करतो : माहिती देतो, पहिले काही दिवस निवारा देतो, नोकरीची खबर देतो. दुसरे, तो जाण्याची इच्छा उत्पन्न करतो. १९८०च्या दशकात ओडेड स्टार्क ह्यांनी मांडलेला ‘सापेक्ष वंचितते’चा सिद्धान्त येथे उपयोगी पडतो. मनुष्य आपले उत्पन्न जगाच्या सरासरीशी ताडून पाहत नाही. ज्यांच्याबरोबर तो वाढला त्यांच्याशी ताडतो. वर्गातला सोबती डॉलरमध्ये मिळवू लागला की दादरच्या अभियंत्याचा पगार एक रुपयानेही न घटता त्याला अपुरा वाटू लागतो.

लालबागमध्ये ही दोन्ही कामे बरोबरीने चालत, कारण कोकणातून मुंबईस येण्यासाठी कोणाची अनुज्ञा लागत नव्हती. परदेशगमनात मात्र त्यांची फारकत होते. तुलना सर्वांपर्यंत पोचते. साहाय्य त्यालाच उपयोगी पडते ज्याला कायदा आत घेतो.

साहाय्याचे एक जुने उदाहरण परळचेच आहे. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला गेले ते बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर, आणि त्या वेळी त्यांच्या कुटुंबाचे बिऱ्हाड परळच्या चाळीत होते. तेथे ज्या नवल भथेना ह्या पारशी विद्यार्थ्याशी त्यांचा स्नेह जमला, त्याच मित्राच्या पाच हजार रुपयांच्या कर्जाची १९२० साली लंडनला परतताना त्यांना मदत झाली. एक नियम म्हणून हे उदाहरण घेता येत नाही. मित्राचा उपयोग कोणत्या टप्प्यावर होतो एवढे त्यावरून दिसते.

कायद्याची चाळणी दोन्ही टोकांस होती. भारतात १९६७पर्यंत पारपत्र देणे न देणे ही सरकारच्या मर्जीची बाब मानली जाई. त्या वर्षी सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरविला आणि पारपत्र अधिनियम संमत झाला. परकीय चलनाची टंचाई होतीच. जून १९६६च्या अवमूल्यनाने डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. पलीकडच्या टोकाला, १९४६च्या कायद्याने अमेरिकेत भारतीयांसाठी वर्षाला अवघ्या १०० जागा होत्या. १९६५च्या कायद्याने हे राष्ट्रवार वाटप रद्द करून व्यावसायिकांना आणि जवळच्या नातेवाइकांना प्राधान्य दिले. माटुंग्याच्या तंत्रशिक्षण संस्थांतून आणि परळच्या के. ई. एम. रुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या पदवीधरांना हे दार उघडले ते तेव्हा.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. मित्राचा अनुभव हा त्याच्या वर्षाचा अनुभव असतो. १९७४ साली ब्रिटनला गेलेल्या डॉक्टरची भारतीय पदवी तेथे मान्य होती. १९७५ साली ती मान्यता काढून घेण्यात आली आणि मागून जाणाऱ्या त्याच्याच सोबत्याला परीक्षेस बसावे लागले. अमेरिकेनेही १९७६च्या कायद्याने परदेशी डॉक्टरांची वाट अरुंद केली. आज स्थिती अधिकच विलक्षण आहे. अमेरिकेतील नोकरीवर आधारित कायम वास्तव्याच्या परवान्यांत कोणत्याही एका देशाचा वाटा साधारणतः सात टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. अर्जदार भारतीयांची संख्या मोठी असल्याने त्यांची प्रतीक्षा दशकांत मोजावी लागते. ज्याचा काका १९७०च्या सुमारास थोड्या अवधीत स्थायिक झाला, तो तरुण काकाचाच मार्ग धरतो आणि नावाने तोच पण कायद्याने निराळा असलेला देश गाठतो.

शिवाय मित्राच्या पत्रातून येणारी माहिती निवडक असते. ज्याचे बरे चालले तो सविस्तर लिहितो. ज्याचे बिनसले त्याची पत्रे आखूड होत जातात. मागे राहिलेल्यांची बाजू तर आकड्यांत येतच नाही. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’ नाटकातील वृद्ध जोडप्याने ती मराठी प्रेक्षकांपुढे आणली. संशोधनाने त्या मानाने तिची दखल कमी घेतली आहे.

साखळीचे दुसरे टोक कोठे बांधलेले असते, हेही तपासण्याजोगे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि लांबत गेला, तेव्हा असंख्य कामगार गावी परतले. तेथे घर होते, थोडी शेती होती आणि त्यांना ओळखणारी माणसे होती. ज्या साखळीने ते आले तीच त्यांना मागे घेऊन गेली. परदेशी गेलेल्या दादरकराची गोष्ट वेगळी. त्याच्या पिढीतील मंडळी एकमेकांचे पाहून निघाली, त्यामुळे जाण्याची वाट सोपी करणारे मित्रच आता येथे उरलेले नाहीत. आणि तो परतलाच तर शिवाजी उद्यानाच्या कट्ट्यावर त्याला नावाने हाक मारणारे थोडेच भेटतात.