भिंतीपलीकडची वाळू

ह्यूस्टनहून निघालं की ऐंशी किलोमीटर सपाट रस्ता, शेवटी खाडीवरचा लांब पूल, आणि पूल उतरला की गॅल्व्हेस्टन. ह्यूस्टनमधल्या मराठी घरांना समुद्र आठवला की गाडी इकडेच वळते. माझी पहिली भेटही अशीच, भाचीच्या गाडीतून, मागच्या सीटवर चटई आणि दडपे पोह्यांचा डबा घेऊन झाली. कोकणातल्या किनाऱ्याची सवय असलेल्या डोळ्यांना इथे आधी काय काय नाही तेच दिसतं. डोंगर नाही, कातळ नाही, माडांची राई नाही. पाणीसुद्धा निळं नाही, मातकट आहे. मिसिसिपीने आणि तिच्या शेजारच्या नद्यांनी आणलेला गाळ या उथळ आखातात तरंगत राहतो. ते पाणी घाण नाही, गाळाचं आहे, हे भाचीने मला गाडी लावता लावताच बजावलं.

मग आम्ही भिंतीच्या पायऱ्यांवरून वाळूत उतरलो. समुद्रावर जायचं तर आधी भिंत उतरावी लागते, ही या गावाची रीत आहे.

गॅल्व्हेस्टन हे नुसत्या वाळूचं बेट आहे. लाटांनी आणि किनाऱ्यालगतच्या प्रवाहाने आणलेली वाळू मुख्य भूमीसमोर आडव्या पट्टीसारखी साचत गेली, आणि पट्टीच्या मागे शांत खाडी उरली. भूगोलात अशा बेटाला बॅरियर आयलंड म्हणतात. आपल्याकडे पुलिकत सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्यामध्ये पसरलेलं श्रीहरिकोटा याच जातीचं. गॅल्व्हेस्टनची लांबी सुमारे 27 मैल, रुंदी कुठेही 3 मैलांपेक्षा जास्त नाही. अशा बेटाला मूळ धरून बसणं माहीत नसतं. वादळ आलं की एका टोकाची वाळू दुसरीकडे जाते, पुढची मागे ढकलली जाते. अशा जागेवर माणसांनी शहर वसवलं, बंदर बांधलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते टेक्सासमधल्या सगळ्यांत श्रीमंत शहरांपैकी एक होतं. समुद्रसपाटीपासून त्याची सर्वांत उंच जागा होती जेमतेम नऊ फुटांवर.

8 सप्टेंबर 1900 रोजी आलेल्या चक्रीवादळाने पंधरा फुटांहून उंच पाणी शहरात घुसवलं. लोकवस्ती सदतीस हजारांच्या घरात होती. मेलेल्यांचा नेमका आकडा कधीच लागला नाही. बहुतेक अभ्यासक आठ हजारांच्या आसपास धरतात, आणि अमेरिकेच्या इतिहासातली ही आजवरची सर्वांत प्राणघातक नैसर्गिक आपत्ती. तिथल्या हवामान कार्यालयाचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी 1891 मध्ये वर्तमानपत्रात लिहिलं होतं की या शहराला वादळापासून गंभीर धोका असल्याची भीती निराधार आहे. त्या रात्री त्यांची पत्नी बुडाली. शहराच्या पश्चिमेला, अगदी किनाऱ्यावर, कॅथलिक जोगिणींचा अनाथाश्रम होता. पाणी चढू लागलं तेव्हा त्यांनी कपडे वाळत घालायच्या दोरीने मुलांना स्वतःच्या कमरेशी बांधून घेतलं. दहा जोगिणी आणि नव्वद मुलं गेली. झाडाला धरून तीन मुलगे वाचले. एकोणसत्तराव्या रस्त्याच्या टोकाला भिंतीवर त्यांच्या आठवणीचा फलक आहे. माझ्यामागून सायकली जात होत्या, कुणाच्या तरी गाडीत गाणी लागली होती, आणि मी तो फलक दोनदा वाचला. मुलं हातून निसटू नयेत म्हणून बांधलेल्या दोरीबद्दल मला अजूनही नीट लिहिता येत नाही.

जे वाचले त्यांनी बेट सोडलं नाही. शहराने तीन अभियंते नेमले: अल्फ्रेड नोबल, एच. सी. रिप्ले आणि हेन्री रॉबर्ट. यांतले रॉबर्ट म्हणजे सभा कशी चालवावी याचे नियम लिहून ठेवणारे तेच. 1902 मध्ये काम सुरू झालं आणि 1904 च्या जुलैमध्ये तीन मैलांहून लांब काँक्रीटची भिंत उभी राहिली. उंची 17 फूट, पायाशी रुंदी 16 फूट, वर 5. समुद्राकडची बाजू आत वळलेली, म्हणजे आपटणारी लाट वर जाऊन मागे फेकली जावी. पुढच्या साठ वर्षांत ती वाढत वाढत दहा मैलांवर गेली.

नुसती भिंत पुरली नसती. पाणी मागच्या खाडीतूनही येतं. म्हणून त्यांनी शहरच उचललं, आणि मला या सगळ्या कहाणीतलं हेच सर्वांत थोर वाटतं. दोन हजारांहून जास्त इमारती जॅकवर चढवल्या. तीन हजार टनांचं सेंट पॅट्रिक चर्च सातशे जॅकनी पाच फूट वर घेतलं. माणसांनी एका तालात, एकाच वेळी जॅक फिरवायचे. एक कोपरा पुढे गेला तर भिंतीला तडा. वस्तीमधून कालवा खणला, त्यातून गाळ उपसणारी जहाजं वाळू आणि पाण्याचा रेंदा आणत, आणि नळांतून तो घरांच्या खाली सोडत. भिंतीपाशी भराव सर्वांत उंच, तिथून खाडीकडे उतार. लोक कित्येक वर्षं लाकडी फळ्यांच्या पुलांवरून बाजारात आणि शाळेत जात होते. खाऱ्या भरावाने झाडं मेली, तेव्हा गावातल्या बायकांच्या संघटनेने नव्याने लागवड केली. खारं सोसणाऱ्या कण्हेरीचं रोप जमेकाहून इथे 1841 मध्येच आलं होतं. आज गल्लीगल्लीत कण्हेर फुललेली दिसते, आणि गावाची ओळखही तिच्याच नावाने सांगतात. आपल्याकडे देवाला वाहायचं फूल या परक्या किनाऱ्यावर पाहून मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

1915 मध्ये तसंच जबर वादळ आलं. भिंतीने शहर वाचवलं. पण भिंतीसमोरचा किनारा त्याने खरवडून नेला.

गॅल्व्हेस्टनचा खरा पेच इथे आहे. भिंत जागची हलत नाही, वाळूला हललंच पाहिजे. मोकळं बेट वादळापुढे मागे सरकतं आणि किनारा टिकवतं. भिंतीशी आलेली लाट परत फिरताना वाळू ओढून नेते. ती अडवायला 1930 च्या दशकात समुद्रात आडवे दगडी बांध घातले. लोक त्यांच्यावर गळ टाकून बसतात. पण बांधाला लागून पाण्याची ओढ आत खेचते, म्हणून तिथे पोहायचं नाही अशा पाट्या आहेत. जीवरक्षकांच्या मचाणावर रंगीत निशाणं असतात, आणि जांभळं लागलं की पाण्यात डंख करणारे जीव आले आहेत असं समजायचं. याच किनाऱ्यावर लेरॉय कोलंबो चाळीसेक वर्षं राखण करत होता. लहानपणी मेंदूज्वराने त्याचं ऐकू येणं गेलं होतं. हाक त्याला ऐकू येणार नव्हती, त्याने नजरेवर काम केलं, आणि 907 जणांना बुडताना बाहेर काढल्याची नोंद गिनेस बुकात झाली.

हा किनारा सगळ्यांचा, असं टेक्सासचा 1959 चा कायदा म्हणतो. ओली वाळू राज्याची, आणि कोरड्या वाळूवरही, झुडपं सुरू होतात तिथपर्यंत, लोकांचा वहिवाटीचा हक्क. 2009 मध्ये हा हक्क राज्यघटनेत गेला. पण झुडपांची रेषाही वाळूबरोबर सरकते. वादळाने रेषा एका रात्रीत कुणाच्या अंगणात नेली, तर लोकांचा हक्कही तिथे जातो का? बेटाच्या पश्चिम भागातल्या अशाच एका घराच्या खटल्यात 2012 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आपोआप जात नाही. मला तो निकाल बोचतो. घरमालकाचं दुःख खरं आहे, पण समुद्र जर मागे येणार असेल तर चालायला वाट कुठे उरेल?

‘सगळ्यांचा’ या शब्दाचाही इथला इतिहास सरळ नाही. 19 जून 1865 रोजी याच गावात जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी टेक्सासमधले गुलाम मुक्त झाल्याचा हुकूम जाहीर केला. तो दिवस आता अमेरिकेची राष्ट्रीय सुट्टी आहे. त्यानंतरही किती तरी दशकं कृष्णवर्णीयांना या लांबलचक किनाऱ्यावर एका छोट्या पट्ट्यातच उतरू देत.

दुपारी आम्ही एकसष्टाव्या रस्त्याच्या पश्चिमेला गेलो. तिथे कित्येक वर्षं वाळूच नव्हती, भिंतीच्या पायथ्याच्या दगडांवर थेट पाणी आपटायचं. 2015 मध्ये जहाजांच्या वाटेतून उपसलेली वाळू आणून तिथे नवा किनारा घातला, आणि त्याला नाव दिलं बेब श्वार्ट्झ यांचं, खुल्या किनाऱ्याच्या कायद्यासाठी आयुष्यभर झगडलेल्या आमदाराचं. ती वाळूही वाहून जाते, पुन्हा घालावी लागते. पूर्वेच्या टोकाला मात्र बंदराच्या लांब बांधाआड वाळू साचत राहते. तिथे पाण्यापर्यंत पोचायला बराच वेळ चालावं लागतं. एकाच बेटाच्या एका टोकाला वाळूचा सुकाळ आणि दुसरीकडे तिची उधारी.

2022 मध्ये अमेरिकी संसदेने मंजूर केलेल्या वादळापासून रक्षणाच्या योजनेत खाडीच्या तोंडाशी प्रचंड दरवाजे आहेत, आणि त्यांच्याबरोबर बेटाच्या पश्चिम भागात व पलीकडच्या बोलिव्हर द्वीपकल्पावर मिळून 43 मैलांची वाळूची टेकाडं आणि रुंद किनारे. काँक्रीटनंतर एकशेवीस वर्षांनी अभियंते पुन्हा वाळूकडे वळलेत.

निघताना पूर्वेकडच्या टेकाडांपाशी थांबलो. उंच गवत वाऱ्याने एका बाजूला झुकलं होतं, त्याच्या मुळांनी वाळू धरून ठेवली होती. भाचीचा मुलगा टेकाडावर धावत सुटला. तिने त्याला हाक मारून खाली घेतलं, गवत तुडवायचं नाही म्हणाली, आणि तो वळसा घालून, लाकडी फळ्यांच्या वाटेवरून, पाण्याकडे गेला.