कितवा तास

सकाळी सात.

इस्तंबूलमधल्या बेशिक्ताशच्या धक्क्यावरचा सिमितवाला मला चार वर्षं ओळखतो, तरी रोज विचारतो, "काच ताने?" किती नग? मी रोज एकच घेते, तीळ लावलेलं ते खमंग कडं, आणि बोटीत शिरते. 'काच' म्हणजे किती. एवढासा शब्द, पण माझ्या इंग्रजीच्या वर्गातल्या निम्म्या विनोदांचं मूळ तोच. तुर्की माणूस वेळ विचारताना 'साआत काच' म्हणतो आणि फोन नंबर विचारतानाही 'काच'च म्हणतो. मग इंग्रजीत "हाउ मेनी इज युअर नंबर?" असं होऊन बसतं. मला त्यावर हसू येत नाही. किती वाजले, असंच तर आपणही विचारतो.

बोट सुटते. युरोपातून आशियात जायला वीसेक मिनिटं लागतात. तेवढ्यात कालच्या चार वह्या तपासून होतात.

साडेआठ.

काडिकॉयच्या बाजाराच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर आमची शिकवणी. तिला इथे 'कुर्स' म्हणतात. जिना झाडणाऱ्या बाईंना "कोलाय गेलसिन" म्हणायचं, म्हणजे काम सोपं जावो. हातात काही काम असलेल्या कुणालाही हे म्हणतात, आणि असा शब्द मराठीत का नाही याची मला रोज हळहळ वाटते. मग कमरेत बारीक असलेल्या काचेच्या पेल्यातला कोरा चहा. फळा पुसलेला आहे की नाही ते बघणं माझ्याकडे. बहुधा नसतो.

नऊ.

नवशिक्यांचा वर्ग. एक नर्स, एक टॅक्सीवाले काका, हॉटेलात काम करणारी तीन मुलं, नातवंडं जर्मनीत असलेल्या एक आजी. सगळे मला 'होजाम' म्हणतात, म्हणजे 'माझ्या गुरुजी'. आजीसुद्धा.

आज प्रश्नवाचक सर्वनामं. पहिली अडचण अक्षराचीच. 1928 साली अरबी लिपी टाकून तुर्कीने रोमन वर्णमाला घेतली, तिच्यात 29 अक्षरं आहेत आणि डब्ल्यू नाही. क्यू आणि एक्सही नाहीत. म्हणजे 'हाउ' सोडला तर इंग्रजीतला प्रत्येक प्रश्नवाचक शब्द अशा अक्षराने सुरू होतो, जे या लोकांच्या बालवाडीच्या तक्त्यावर नव्हतंच. साहजिकच खालचा ओठ दाताखाली जातो. ओठांचा चंबू करा, असं सांगायला हवं. पण एकाच 'व'वर आयुष्य काढलेली मी ते कोणत्या तोंडाने सांगणार?

शब्द मात्र ओळखीच्या वळणाचे. कोण म्हणजे 'किम'. संस्कृतातलं 'किम्' आठवतं, पण ते 'काय' आहे आणि हे साम्य निव्वळ योगायोगाचं. काय म्हणजे 'ने', कोणता म्हणजे 'हान्गी'. शिवाय किम चालतो आपल्या 'कोण'सारखा: किमि म्हणजे कोणाला, किमदेन म्हणजे कोणाकडून, किमिन म्हणजे कोणाचा. फळ्यावर लिहिते: अलीने आयशेला पाहिलं. आता आयशे पुसून तिथेच 'किमि' लिहा, झाला तुर्की प्रश्न. तिथेच 'कोणाला' लिहा, झाला मराठी. जागा हलत नाही. इंग्रजी मात्र त्या बिचाऱ्या 'हू'ला ओढत रांगेच्या पुढे नेतं आणि त्याच्यामागे 'डिड'ला उभं करतं.

हे एकदा पटलं की दुसरं संकट. काका विचारतात, "हू डिड कॉल यू?" जिथे तिथे 'डिड' घुसवायचं, असं त्यांनी ठरवून टाकलंय. इथे 'हू' स्वतःच कर्ता आहे, तो आधीपासून पुढेच उभा आहे, त्याला ओढायला कुणी लागत नाही. काका मान डोलावतात. उद्या पुन्हा 'डिड' येणार, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

"व्हेअर इज द कॅपिटल ऑफ टर्की?" आजी विचारतात. मी म्हणते, "अनातोलियाच्या मधोमध." त्या गोंधळतात, त्यांना उत्तर 'अंकारा' हवं होतं. तुर्कीत राजधानी 'नेरेसी', म्हणजे कुठली जागा, असं विचारतात. इंग्रजीत 'व्हॉट'. आपण म्हणतो 'कोणती'. उत्तर तिन्ही भाषांत एकच, पण प्रश्नाचं दार प्रत्येकीचं वेगळं. भाषांतराचा कोश इथे काही कामाचा नाही.

अकरा.

सुट्टीत नर्स मागे रेंगाळते. "होजाम, काचिन्जीला इंग्रजीत काय?"

या प्रश्नाची मी वाटच पाहत असते. 'काचिन्जी' म्हणजे कितवा. एर्दोआन तुर्कस्तानचे कितवे राष्ट्राध्यक्ष? बारावे. हा प्रश्न तुर्कीत एका दमात विचारता येतो, मराठीतही येतो, इंग्रजीत येत नाही. राम हा दशरथाचा कितवा मुलगा, याचं इंग्रजी करून दाखव, असं म्हणत आमच्या शाळेत एकमेकांना छळायचो. तो खेळ इस्तंबूलमध्ये कामी येईल असं वाटलं नव्हतं. मी तिला सांगते, इंग्रजांकडे हा शब्दच नाही, आडवळणाने विचारावं लागतं. तिचा चेहरा उजळतो. इतके दिवस तिची समजूत होती की उणीव फक्त तिच्याकडेच आहे.

साडेबारा.

मसुराचं सूप, लिंबू, पाव. बोलण्यासारखं काही नाही.

दोन.

आता खरी लढाई. या वर्गातले सगळे परीक्षेचे: 'ये-दे-से', परकी भाषेची सरकारी परीक्षा, 80 प्रश्न, प्रत्येकाला पाच पर्याय. विद्यापीठात बढती हवी तर तिचे गुण दाखवावे लागतात. त्यामुळे समोर बसलेले एक भूगर्भशास्त्राचे डॉक्टर आणि एक पशुवैद्य माझ्यापेक्षा कितीतरी शिकलेले आहेत आणि 'हू', 'व्हिच', 'हूज'पुढे हतबल आहेत.

हातातल्या पुस्तकात संबंधी सर्वनामांचा तक्ता आहे. माणसाला 'हू', वस्तूला 'व्हिच', दोन्हींना 'दॅट'. तक्ता बरोबर आहे आणि निरुपयोगी आहे. तुर्की विद्यार्थ्याचा घोळ सर्वनाम निवडण्यात नंतर होतो. रोजच्या तुर्कीत संबंधी सर्वनाम नावाची वस्तूच नसते, तिथून घोळ सुरू होतो. फारशीतून आलेला 'की' आहे, आपल्या 'म्हणाला की'मधला असतो तसा. पण हे रोजचं काम तो करत नाही. ते काम क्रियापदच करतं, शेपटी लावून नामाच्या आधी जाऊन बसतं. 'द्यून गेलेन आदाम.' द्यून म्हणजे काल, गेलेन म्हणजे आलेला, आदाम म्हणजे माणूस. काल आलेला माणूस.

पहिल्या वर्षी हे वाक्य मला कळलं त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. आपल्याकडे दोन्ही वाटा आहेत! 'जो माणूस काल आला तो' ही एक, आणि 'काल आलेला माणूस' ही दुसरी. जो-तो वापरणारी व्यक्ती इंग्रजी 'हू'ला निदान ओळख दाखवू शकते. तुर्की माणसाकडे रोजच्या वापराला दुसरीच वाट. म्हणून मी तक्ता मिटवते आणि फळ्यावर लांबलचक तुर्की शब्दबंध लिहिते: 'द्यून आंकारादान गेलेन दोक्तोरुन याझदी इलाच'. मराठीत शब्दाला शब्द ठेवा: काल अंकाराहून आलेल्या डॉक्टरने लिहिलेला इलाज. इलाच म्हणजे औषध, आपल्या इलाजाचाच अरबी भाऊ. एकही शब्द जागचा हलवावा लागत नाही.

आता इंग्रजी. मी पशुवैद्यांना फळ्यापाशी बोलावते आणि शेवटच्या शब्दावर बोट ठेवायला सांगते. "हा इंग्रजीत पहिला." द मेडिसिन. आता उलटं चालत या. द मेडिसिन दॅट द डॉक्टर हू केम फ्रॉम अंकारा येस्टर्डे प्रिस्क्राइब्ड. ते बोट सरकवत येतात, मध्येच थांबतात, आणि स्वतःशीच हसून म्हणतात, "होजाम, म्हणजे गाडी मागे घेणं!" हो, आणि आरशात बघत. परीक्षेत एका वाक्याखाली पाच भाषांतरं देऊन बरोबर निवडायला सांगतात, तिथेही तुर्की शब्दबंधाचं शेपूट आधी वाचा, असं मी बजावते.

नाम जागेवर बसलं की मग सर्वनामाचा विचार. आलेला माणूस आणि आलेलं पत्र, तुर्कीत दोघांनाही तेच 'गेलेन'. म्हणून "द मॅन व्हिच केम". शिवाय 'द बुक आय रेड'मध्ये 'दॅट' गाळता येतं, हे कळल्यावर वर्गाला इतका आनंद होतो की ते सगळीकडेच गाळतात: "द मॅन केम येस्टर्डे इज माय अंकल." या वाक्यातला माणूस दोनदा क्रियापदाला जुंपलेला आहे, असं मी सांगते. भूगर्भवाले वहीत ते शब्दशः उतरवून घेतात.

पाच.

एकट्याची शिकवणी, जहाज कंपनीतला अभियंता. "द हाउस दॅट आय सिट" असं लिहून आणलंय. तुर्कीत घरात राहणं म्हणजे बसणं, 'ओतुरमाक'. 'सिट'चं 'लिव्ह' करून दिलं, तरी 'इन' कुठे आहे? 'ओतुरदूम एव' म्हणजे मी राहतो ते घर. घरा'त' हा 'त' तुर्कीत गळून जातो. आपल्याही गळतोच की. इंग्रजी मात्र तो 'इन' वाक्याच्या टोकाला लोंबकळत ठेवतं.

मग स्वल्पविराम. 'ओर्हान पामुक, हू वन द नोबेल इन 2006'. स्वल्पविराम काढला तर नोबेल न मिळालेला आणखी एक ओर्हान पामुक कुठेतरी असल्यासारखं होतं. तुर्कीत दोन्ही अर्थांना एकच रूप, ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. अभियंता म्हणतो, आमची पद्धत बरी. आज त्याच्याशी वाद घालायची ताकद माझ्यात नव्हती.

साडेसात.

परतीची बोट. नर्सची वही उघडते. वीस वाक्यं, एकही चूक नाही. 'द मॅन केम येस्टर्डे. ही इज माय अंकल.' सगळी अशीच, तोडलेली. एकही 'हू' नाही, 'व्हिच' नाही. 1974 साली जॅकलीन शाख्टर या अभ्यासिकेने हेच दाखवलं होतं: इंग्रजी शिकणारे चिनी आणि जपानी विद्यार्थी संबंधी वाक्यांत फारशी-अरबीवाल्यांपेक्षा कमी चुकतात, कारण ती वाक्यं ते मुळात कमी करतात. चिनी-जपानीतही तुर्कीसारखं नाम शेवटीच येतं. पूर्वी अशा वहीवर मी 'छान' लिहायचे.

आज खाली लिहिलं: हीच वाक्यं दोन-दोन जोडून आणा, चुकली तरी चालतील. त्याच्याखाली, तिच्यासाठी, तुर्कीत: उद्याचा तास काचिन्जी?

अठरावा. सकाळी नऊला.